बांगसामोरोचा करार : सह्या झाल्या, पुढचे काय?

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओ बेटावर मोरो मुस्लिमांचा स्वायत्त प्रदेश आहे. त्याच्या पहिल्या विधिमंडळाची निवडणूक मे २०२२ मध्ये व्हायची होती. ती मे २०२५ वर गेली. मग १३ ऑक्टोबर २०२५ ही तारीख ठरली. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची फेररचना करणारे प्रादेशिक कायदे घटनाबाह्य ठरवले आणि निवडणूक ३१ मार्च २०२६ च्या आत घ्या, असा आदेश दिला. म्हणजे करारावर सह्या होऊन अकरा वर्षे उलटली, तरी या कराराने मिळालेले सरकार तिथल्या लोकांनी अजून एकदाही मत देऊन निवडलेले नव्हते.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात हा विषय घेतला तेव्हा एका मुलाने सरळ विचारले, "दादा, त्यांचे आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्याला म्हटले, आधी हकिकत ऐक.

'मोरो' हे नाव स्पॅनिश राज्यकर्त्यांनी दिलेले, हिणवण्यासाठी. ज्यांना हिणवले त्यांनीच पुढे ते अभिमानाने लावले आणि त्यापुढे 'बांगसा' जोडले. हा मलय शब्द मूळचा आपल्याकडचा 'वंश'. स्पेनला तीनशे वर्षांत हे लोक पूर्ण जिंकता आले नाहीत. जे तलवारीने झाले नाही ते पुढे अमेरिकी अमलात आणि नंतर मनिलाच्या सरकारांनी जमिनीच्या कायद्यांनी केले. १९१९ च्या सरकारी जमीन कायद्यात ख्रिस्ती वसाहतदाराला २४ हेक्टर आणि 'बिगर-ख्रिस्ती' माणसाला १० हेक्टर, असा उघड फरक होता. उत्तरेकडच्या बेटांवरची गरीब कुटुंबे सरकारी योजनांतून दक्षिणेत आणून वसवली गेली आणि मोरो आपल्याच मुलखात अल्पसंख्य झाले. भांडण धर्माचे म्हणून सांगितले जाते, पण त्याच्या मुळाशी सातबारा आहे.

१९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोसने लष्करी कायदा लादला आणि उघड युद्ध पेटले. पुढच्या दशकांत १,२०,००० च्या आसपास माणसे मेली असे धरले जाते. करार मात्र होत राहिले. नूर मिसुआरीच्या मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंटशी १९७६ मध्ये त्रिपोलीत एक झाला, १९९६ मध्ये दुसरा. १९८९ च्या कायद्याने एक स्वायत्त प्रदेशही दिला गेला. त्या प्रदेशाचे काय झाले हे पाहायचे तर २३ नोव्हेंबर २००९ आठवावे. मागिंदानाओत एका बलाढ्य घराण्याच्या माणसांनी विरोधी उमेदवाराचा अर्ज भरायला निघालेल्या ताफ्यातल्या आणि वाटेत सापडलेल्या ५८ जणांना मारून पुरले. त्यांत ३२ पत्रकार आणि माध्यमकर्मी होते. हे घराणे मनिलातल्या सत्तेच्या आशीर्वादाने वाढलेले होते. केंद्राला मते हवी होती, घराण्याला बंदुका आणि तिजोरी हवी होती. दोघांचेही काम 'स्वायत्तते'च्या नावाखाली भागत होते.

म्हणूनच २७ मार्च २०१४ चा करार वेगळा वाटला. मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटने, म्हणजे एमआयएलएफने, वेगळ्या देशाची मागणी सोडली. सरकारने संसदीय पद्धतीचा स्वायत्त प्रदेश, केंद्राच्या महसुलातून ठरावीक वाटा आणि लढवय्यांच्या पुनर्वसनाचे आश्वासन दिले. सरकारच्या बाजूने मुख्य वाटाघाटकार म्हणून एका स्त्रीने, मिरियम कोरोनेल-फेरेर यांनी, सही केली. पण पुढच्याच जानेवारीत मामासापानो इथे एका पोलीस कारवाईत ४४ पोलीस मारले गेले, देशभर संतापाची लाट आली आणि कायद्याचा मसुदा काँग्रेसमध्ये अडकला. २०१७ मध्ये आयसिसचे नाव घेणाऱ्या गटांनी मरावी शहर ताब्यात घेतले आणि पाच महिन्यांच्या लढाईत ते उद्ध्वस्त झाले. करार लांबला की तरुणांना कोण बोलावून नेते, याचे हे उत्तर होते. अखेर जुलै २०१८ मध्ये कायदा झाला आणि २०१९ च्या आरंभी दोन टप्प्यांत सार्वमत झाले.

इथे सुलूची गोष्ट आली. सार्वमतात सुलू प्रांताने 'नको' म्हटले होते. पण कायद्याने जुना स्वायत्त प्रदेश एकच घटक धरून मते मोजायला सांगितले होते, त्यामुळे सुलू आत ओढला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेनुसार जो प्रांत होकार देईल तोच सामील होईल, सबब सुलू बाहेर. आमच्या मते कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर आहे. ज्या चळवळीने आयुष्यभर स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला, तिला एका प्रांताचा नकार गिळता येणार नाही. पण निकाल यायला साडेपाच वर्षे लागली. तोवर सुलूचे सात मतदारसंघ आराखड्यात बसलेले होते. विधिमंडळ ८० जागांचे. त्या सात जागा कशा वाटायच्या यावरून नवे कायदे झाले आणि तेच कायदे निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाले.

निवडणूक नाही म्हणजे राज्य नेमलेल्यांचे. २०१९ मध्ये नेमलेल्या ८० सदस्यांच्या संक्रमण मंडळात ४१ जण एमआयएलएफने सुचवलेले होते आणि तिचे अध्यक्ष मुराद इब्राहिम हंगामी मुख्यमंत्री झाले. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस (ज्या मार्कोसने लष्करी कायदा आणला त्याचाच मुलगा) यांनी मुराद यांना बाजूला करून अब्दुलरऊफ मकाकुआ यांना नेमले. तेही एमआयएलएफचेच वरिष्ठ सेनानी. पण आपल्या यादीचा मान राखला गेला नाही, ही संघटनेची तक्रार. जो केंद्राच्या सहीने बसतो तो केंद्राच्या सहीने उठतो. पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघातून निवडून आलेला आपला प्रतिनिधी नक्की कोणाला उत्तरदायी, हा वाद आपण नव्वद वर्षे घालतो आहोत. मोरो कार्यकर्त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त खटकते ते लढवय्यांचे पुनर्वसन. करारानुसार ४०,००० जणांनी टप्प्याटप्प्याने शस्त्रे खाली ठेवायची होती. तुर्कस्तान, नॉर्वे आणि ब्रुनेई यांच्या सहभागाने एक स्वतंत्र मंडळ त्याची मोजणी करते. २६,००० हून अधिक जणांची नोंद झाली. जुलै २०२५ मध्ये एमआयएलएफने उरलेल्या सुमारे १४,००० जणांची प्रक्रिया थांबवली. कारण सांगितले ते असे, की नोंद झालेल्यांपैकी एकही जण ठरल्याप्रमाणे पूर्णपणे सुस्थिर नागरी जीवनात पोचलेला नाही. सरकारचे म्हणणे, आम्ही प्रत्येकाला १,००,००० पेसो रोख दिले, इतर मदतही दिली.

दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. समाजकार्यात हे आम्ही जवळून पाहिले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत पीडित कुटुंबासाठी अर्थसाहाय्य आहे, तसेच जमीन, नोकरी, घर, मुलांचे शिक्षण अशा पुनर्वसनाच्या तरतुदी आहेत. रोख रक्कम उशिरा का होईना, खात्यात जमा होते, कारण ती देणे सोपे आणि अहवालात दाखवणे त्याहून सोपे. त्यातून कर्ज फिटते, दवाखाना होतो, पैसे संपतात. नोकरीची फाइल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर. आमच्या माहितीतल्या एका कुटुंबातला मुलगा नोकरीच्या आशेवर सहा वर्षे गाव सोडून कुठे गेला नाही. विचारले की उत्तर मिळायचे, "पैसे तर मिळाले ना?" वीस वर्षे जंगलात काढलेल्या, बंदुकीशिवाय दुसरे काम न शिकलेल्या माणसाला एक लाख पेसो देऊन घरी पाठवले, तर काय होईल हे ओळखायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. जमीन कुठे आहे, हा प्रश्न १९१९ पासून तिथेच उभा आहे.

मोरोंच्या बाजूने बोलताना आणखी एक गोष्ट लपवता कामा नये. या प्रदेशात तेदुराय आणि लांबांगियान हे मुस्लिम नसलेले आदिवासीही राहतात. वडिलोपार्जित जमिनीचा त्यांचा दावा वर्षानुवर्षे पडून आहे आणि त्यांच्या माणसांचे खून झाले आहेत. विधिमंडळात बिगर-मोरो आदिवासींसाठी दोन राखीव जागा आहेत. अल्पसंख्याकांच्या राज्यात जो आणखी अल्पसंख्य आहे त्याला काय मिळते, यावरच आम्ही या स्वायत्ततेचे मोल करू.

आता अभ्यासवर्गातल्या त्या मुलाचे उत्तर. चितगाव डोंगराळ प्रदेशातले चकमा, मारमा हे आपले धम्मबांधव. त्यांच्या बाबतीत हीच हकिकत नावे बदलून घडली. मैदानी भागातून मुस्लिम वसाहतदार आणून बसवले गेले, जमिनी गेल्या, सशस्त्र लढा झाला आणि २ डिसेंबर १९९७ रोजी करार झाला. जमिनीचे तंटे सोडवणारा आयोग कागदावरच राहिला आणि तिथल्या जिल्हा परिषदांची निवडणूक १९८९ नंतर झालेली नाही. त्यावर आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, आणि काढलेच पाहिजेत. पण थायलंडच्या दक्षिणेत मलय मुस्लिम अल्पसंख्य आहेत आणि राज्य बौद्ध बहुसंख्याकांचे आहे. २५ ऑक्टोबर २००४ रोजी ताक बाई इथे पकडलेले आंदोलक हात बांधून ट्रकमध्ये एकावर एक रचले गेले. त्या दिवशी ८५ जण मेले, त्यांतले ७८ ट्रकमध्ये. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खटला एकाही आरोपीला न्यायालयात उभे न करता बाद झाला. त्याबद्दल आपल्या व्हॉट्सॲप गटांवर किती संदेश फिरले? आमच्या गटावर एकही नाही. तो आम्हीही टाकला नव्हता.

पुढच्या रविवारी चितगाव आणि बांगसामोरो हे दोन्ही करार शेजारी शेजारी ठेवून वाचायचे ठरले आहे. जमिनीच्या कलमांपासून सुरुवात करू. तो प्रश्न विचारणारा मुलगाच वाचून दाखवणार आहे.