नऊ वर्षांचा कैदी

जुने कागद चाळताना आम्ही जॉन हडसन या पोराच्या मागे लागलो. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात डिसेंबर १७८३ मध्ये त्याच्यावर घरफोडीचा खटला चालला. माल काय, तर एक सदरा, रेशमी मोजे, एक पिस्तूल, दोन ॲप्रन. वय विचारलं; नववं चालू आहे, म्हणाला. काम? कधीमधी धुराडी साफ करणं. आईबाप? वारले. यतीम लेकरू! घरफोडी शाबीत झाली नाही, चोरी झाली. सजा सात वर्षं समुद्रापार. आधी प्लिमथला तुरुंगाच्या जहाजावर ठेवलं, मग १७८७ साली ‘फ्रेंडशिप’ जहाजातून ऑस्ट्रेलियाला. पुढे तो नॉरफोक बेटावर सापडतो, १७९१ साली : रात्री नऊनंतर झोपडीबाहेर दिसला म्हणून ५० फटके.