उन्हाचे गाव निवडताना



डोंबिवलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांचे वय ६८, त्यांचे स्वतःचे ६४. घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते आणि त्या दिवसांत यजमानांचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत. मुलगा परदेशी स्थायिक झाला आहे. राहते घर विकून एखाद्या कोरड्या, भरपूर उन्हाच्या आणि स्वस्त शहरात उत्तरायुष्य काढावे, असे यजमानांच्या मनाने घेतले आहे. सोलापूर, जळगाव आणि नागपूर ही तीन नावे त्यांनी काढून ठेवली आहेत. भगिनी लिहितात, "मला नाही म्हणायचे नाही, पण हो म्हणण्यापूर्वी काय काय पाहावे, हे कळत नाही." हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत आहे, म्हणून उत्तर येथेच देत आहे.

प्रथम उन्हाविषयी. मुंबई परिसरात मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. पण हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही. सोलापुरात त्याच दिवसांत ४० ते ४२ अंश ही नित्याची गोष्ट असते. हवा कोरडी असल्याने घाम चटकन वाळतो आणि सावलीत बसले की बरे वाटते. जळगाव तापीच्या खोऱ्यात, सखल भागात वसलेले आहे. तेथे आणि नागपुरात पारा कित्येकदा ४५ अंशांपर्यंत जातो. विदर्भात मे महिन्याच्या अखेरच्या दिवसांना 'नवतपा' म्हणतात, ते उगाच नव्हे.

परंतु उन्हाळ्याबरोबर पावसाळा आणि हिवाळाही पाहावा लागतो. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापूर आणि जळगाव येथे त्याच्या साधारण एक तृतीयांश. नागपुरात मात्र हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो; म्हणजे ओल टाळण्यासाठी निघालेल्या माणसाला तेथे ती काही प्रमाणात भेटणारच. शिवाय नागपूर-जळगावचा गारठा थोडा नसतो. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. सोलापूरचा हिवाळा त्या मानाने सौम्य असतो. दुखऱ्या सांध्यांना ओलीइतकाच गारठाही जाचतो, हे यजमानांच्या हिशेबात आले आहे का, ते विचारावे.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. उन्हाने संधिवात बरा होतो, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. ओल आणि गारठा कमी झाल्यावर पुष्कळांना हालचाल सुसह्य वाटते, एवढेच. दुखण्याचा मोठा भाग जिन्यामुळे असेल, तर तळमजल्याचे किंवा लिफ्ट असलेले भाड्याचे घर डोंबिवलीतही मिळू शकते. गाव बदलण्याआधी हा साधा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

उतारवयातील उन्हाचा विचार आपल्या घरांत आणखी एका कारणाने करावा लागतो. वय वाढते तशी तहान मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण तशी जाणीव होत नाही. रक्तदाबाच्या काही औषधांनी लघवीवाटे पाणी अधिक जाते. आता चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांचा दिवस पाहा. मे महिन्याच्या अखेरीस सोलापुरात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो आणि सूर्योदय पावणेसहानंतर. त्यापुढे नवकारशीची ४८ मिनिटे धरली, तर साडेअकरा तासांहून अधिक काळ पाण्याचा थेंब नाही, आणि तोही दिवसभर शरीर तापल्यानंतर. नियम सोडा असे मी म्हणत नाही. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ठरवून, थोडे थोडे पाणी घेत राहावे आणि औषधांच्या वेळा व मात्रा याबाबत स्थलांतरापूर्वीच वैद्यांशी बोलावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असेल, तर किती पाणी घ्यावे तेही वैद्यांनीच सांगितले पाहिजे.

आता स्वस्ताईविषयी. या तिन्ही शहरांत घरभाडे आणि घरांच्या किमती मुंबई परिसराहून पुष्कळ कमी आहेत, यात शंका नाही. परंतु स्वस्ताई केवळ भाड्यावर मोजू नये. मार्च ते जून कूलर वा वातानुकूलन यंत्र चालणार. वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत जातो. महिन्याचा वापर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे गेला की पुढील प्रत्येक युनिट अधिक महाग पडते. कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर उत्तम काम देतो आणि वातानुकूलन यंत्राहून पुष्कळ कमी वीज खातो. मात्र त्याला रोज पाणी लागते आणि टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून कोरडी करावी लागते, नाहीतर डासांची पैदास होते.

पाणी हा तर कळीचा मुद्दा. सोलापूरला उजनी धरणाचा आधार आहे, तरीही पाणी रोज न मिळण्याची सवय शहरातील अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षे करून घ्यावी लागली आहे. म्हणून घर पाहताना दलालास विचारू नये. शेजारच्या गृहिणीस विचारावे की नळाला पाणी किती दिवसांनी, किती वाजता आणि किती वेळ येते, टँकर कधी मागवावा लागतो, आणि साठवणीची टाकी केवढी आहे. पाणी पहाटे तीन वाजता येत असेल, तर ते भरण्यासाठी कोण उठणार आहे, हेही घरात बोलून घ्यावे.

घराची रचनाही तितकीच महत्त्वाची. सर्वांत वरच्या मजल्याचे घर भाड्याला स्वस्त मिळते, कारण त्याचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो. पश्चिमेकडे शयनगृह असलेले घरही टाळावे. मधला मजला, समोरासमोर खिडक्या आणि लिफ्ट असलेले घर थोडे महाग पडले तरी परवडते. जुन्या सोलापुरी घरांच्या जाड भिंती आणि धाब्याची छपरे या उन्हाचा विचार करूनच उभी राहिली होती. नव्या इमारतींत तो विचार आपल्यालाच करावा लागतो.

वैद्यकीय सोयींत नागपूर अग्रेसर आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स आणि अनेक मोठी खासगी रुग्णालये तेथे आहेत. सोलापूर आणि जळगाव येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळू लागले आहे. यजमान दोन वर्षांत त्यास पात्र होतील. मात्र आपल्या घराजवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, ते आधी पाहून ठेवावे.

येण्याजाण्याचाही हिशेब करावा. सोलापूर मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर आहे. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे आणि २०२३ पासून वंदे भारतही धावते. जळगावचे अंतरही साधारण तेवढेच, आणि मुख्य लोहमार्गावर असल्याने गाड्या पुष्कळ. नागपूर ८०० किलोमीटरहून दूर आहे. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे, स्त्रियांना तर सरसकट अर्धे तिकीट. पण दुखऱ्या गुडघ्यांनी दहा तास बसमध्ये बसणे सोपे नाही.

आता पत्रात नीटसे न लिहिलेल्या गोष्टीकडे येतो. भगिनींच्या दोन्ही बहिणी डोंबिवलीत राहतात, सकाळच्या दर्शनाच्या मैत्रिणी तेथेच आहेत, आणि भाजीवाला त्यांना नावाने ओळखतो. यजमान नव्या गावात ऊन मिळवतील. भगिनी काय गमावतील, ते मात्र कागदावर आलेले नाही. सोलापुरात आपला समाज जुना आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये तेथेच झाला, आणि जीवराज जैन ग्रंथमालेचे ग्रंथ तेथूनच प्रसिद्ध झाले. जळगाव-खानदेशातही आपली घरे पुष्कळ आहेत. पण समाज मोठा असणे आणि दाराची कडी वाजवणारे कोणी असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. मंदिर किंवा स्थानक घरापासून चालत जाण्याजोगे असावे. रिक्षा करून जावे लागले तर दर्शन रोजचे राहत नाही, आणि ओळखीही होत नाहीत.

म्हणून माझ्या मते सर्वांत मोठी कसोटी ही आहे : दोघांपैकी एकच मागे राहिले, तर त्या शहरात एकट्याने राहता येईल का? बँकेचे, दवाखान्याचे, पाण्याचे काम एकट्याने निभेल का? रात्री फोन केला तर दहा मिनिटांत येईल असे कोणी असेल का? वयाचा विचार करता ही वेळ भगिनींवर येण्याची शक्यता अधिक, आणि तरीही निर्णय यजमान करीत आहेत. हा प्रश्न अशुभ मानून टाळू नये. दोघांनी समोरासमोर बसून तो बोलावा.

भगिनी, माझा सल्ला असा. डोंबिवलीचे घर आत्ता विकू नका; ते भाड्याने द्या. त्या भाड्यात सोलापुरात बरे घर मिळेल. ११ महिन्यांचा भाडेकरार दोन्ही ठिकाणी रीतसर नोंदवून घ्या. यजमानांना जानेवारीचे कोवळे ऊन पाहून गाव पसंत करू देऊ नका. पहिला मुक्काम एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंतचा असू द्या. ओल आणि गारठा दोन्ही टाळायचे आणि मुंबईही हाताशी ठेवायची असेल, तर तिन्हींत सोलापूर मला आपणांस अधिक अनुकूल वाटते. नियमित मोठे उपचार चालू असते तर नागपूर सुचवले असते, आणि जवळचे नातेवाईक खानदेशात असते तर जळगाव.

वर्ष संपल्यावर दोघांनीही आपापले मत स्वतंत्र कागदावर लिहावे आणि मग एकमेकांना वाचायला द्यावे. दोन्ही कागदांवर होकार असेल तरच घर विकावे, आणि नवे घर दोघांच्या नावावर घ्यावे. तुमच्या कागदावर नकार असेल, तर तो लिहिताना संकोच करू नका. घर तुमचेही आहे.

जयजिनेंद्र.