क्रेडिट म्हणजे पगार नव्हे!

या वीकेंडचा विषय जरा आपल्या कोडिंगच्या जगाबाहेरचा आहे. पण हिशेबाचा आहे, आणि हिशेब चुकतोय असं दिसलं की इंजिनियरला गप्प बसवत नाही.

विषय असा. सिनेमा-टीव्हीत इंटर्नशिप करायची आणि तिच्या बदल्यात कॉलेजकडून क्रेडिट मिळवायचे. ऐकायला किती छान वाटतं, नाही? पोराला अनुभव मिळतो, कॉलेजला जाहिरातीत छापायला काहीतरी मिळतं, प्रॉडक्शन हाऊसला कामाला हात मिळतात. सगळे खूश. आता जरा पैसा कुठून कुठे जातो ते बघा. कंपनी पोराला पैसे देत नाही, कारण त्याला क्रेडिट मिळतंय. क्रेडिट देतं कॉलेज, आणि त्याची फी भरतो पोराचा बाप. म्हणजे पोरगं राबतं कंपनीसाठी, पैसे जातात कॉलेजला, आणि कंपनीचा खर्च शून्य! फुकट राबवून घेणं जगात नवीन नाही. पण राबणाऱ्याकडूनच राबण्याची फी वसूल करायची, ही आयडिया ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मानलं पाहिजे राव.

माझं म्हणणं सरळ आहे. शिकवलंत तर क्रेडिट द्या. काम करून घेतलंत तर पगार द्या. दोन्ही केलंत तर दोन्ही द्या. एकाच्या जागी दुसरं चालणार नाही.

हा प्रकार नीट मुरला तो अमेरिकेत, म्हणून आधी तिकडचं बघू. तिथे १९३८ पासून किमान वेतनाचा कायदा आहे. १९४७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टासमोर रेल्वेत ब्रेकमनचं काम शिकणाऱ्या उमेदवारांची केस आली. ही मंडळी काही दिवस काम शिकत, कंपनीला त्यांचा उपयोग शून्य, उलट त्यांच्यामुळे चालू कामात अडथळाच यायचा. कोर्ट म्हणालं, यांना पगार द्यायची गरज नाही. ठीक आहे, पटण्यासारखं आहे. याच निकालावरून पुढे तिथल्या कामगार खात्याने सहा कसोट्या काढल्या आणि २०१० साली त्या इंटर्नसाठी स्पष्ट करून सांगितल्या. त्यातली एक अशी, की मालकाला इंटर्नकडून तात्काळ फायदा होता कामा नये.

आता स्टुडिओ आणि चॅनेलवाल्यांना तर फायदाच हवा होता. मग पळवाट काय? जाहिरातीत एक ओळ टाकायची: 'कॉलेज क्रेडिट मिळणाऱ्यांनीच अर्ज करावा.' लॉजिक असं, की क्रेडिट मिळतंय म्हणजे तो विद्यार्थी, विद्यार्थी म्हणजे कामगार नाही, कामगार नाही म्हणजे पगार नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी इफ-एल्स लिहिलंय त्याला यातला बग लगेच दिसेल. विद्यार्थी आणि कामगार या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात की! रात्रपाळी करून शिकणारी पोरं आपल्याकडे कमी आहेत का?

जरा आकडे टाकून बघू. समजा उन्हाळ्यात १० आठवडे, आठवड्याला ४० तास काम केलं. झाले ४०० तास. तिथलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. म्हणजे २,९०० डॉलर बुडाले. बरं, बदल्यात मिळाले समजा तीन क्रेडिट. तिकडच्या व्याख्येप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. म्हणजे ४५ तास. तीन क्रेडिटचे १३५. काम ४०० तासांचं, क्रेडिट १३५ तासांचं, आणि त्या तीन क्रेडिटची फी वेगळी. कॉलेजने काय दिलं? वर्ग नाही, लॅब नाही, शेवटी एक रिपोर्ट तपासायचा. इतकं मार्जिन तर आमच्या सर्व्हिस कंपन्यांनाही कधी मिळालं नाही.

'ब्लॅक स्वान' आठवतोय? २०१० चा, डॅरेन अरोनोफ्स्कीचा. नॅटली पोर्टमनला ऑस्कर मिळालं तो. सुमारे १३ मिलियन डॉलरमध्ये बनला आणि जगभरात ३०० मिलियनच्या वर कमावले. त्यावर बिनपगारी काम केलेल्या एरिक ग्लॅट आणि अलेक्झांडर फुटमन या दोघांनी सप्टेंबर २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइटवर दावा ठोकला. काय काम होतं त्यांचं? जेवणाच्या ऑर्डरी घेणं, झेरॉक्स काढणं, कचरा टाकणं, कागदपत्रं इकडून तिकडे पोचवणं. यात सिनेमाचं शिक्षण कुठे आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा.

जून २०१३ मध्ये जिल्हा न्यायाधीश विल्यम पॉली यांनी निकाल दिला, की हे दोघे कर्मचारीच होते. कॉलेज क्रेडिट देतं की नाही याला त्यांनी फारसं वजन दिलं नाही. मालकाने काय शिकवलं ते महत्त्वाचं. टाळ्या! पण जुलै २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला आणि नवी कसोटी आणली: या व्यवहारात मुख्य फायदा कोणाचा, इंटर्नचा की मालकाचा? ते ठरवायला सात मुद्दे दिले, आणि त्यातला एक म्हणजे क्रेडिट किंवा अभ्यासक्रमाशी जोड. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही हे कोर्टाने सांगितलं, हे मान्य. पण कंपन्यांच्या वकिलांनी त्यातून काय उचललं असेल ते सांगायला नको. २०१६ मध्ये ही केस तडजोडीने मिटली, आणि जानेवारी २०१८ मध्ये कामगार खात्यानेही सहा कसोट्या सोडून हीच नवी कसोटी घेतली.

पण या सगळ्यातून एक फार मोठी गोष्ट सिद्ध झाली. २०१२ मध्ये चार्ली रोझ यांच्या टीव्ही कार्यक्रमाने आपल्या जुन्या इंटर्नशी तडजोड केली. २०१४ मध्ये एनबीसीयुनिव्हर्सलने ६.४ मिलियन डॉलर देऊन दावा मिटवला, आणि त्याआधीच इंटर्नना पगार द्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे चॅनेल बंद पडलं का? नाही पडलं. पैसे होतेच. द्यायचे नव्हते.

पगार नाही म्हणजे फक्त खिसा रिकामा, असंही समजू नका. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिनिक्स सॅटेलाइट टेलिव्हिजनच्या एका बिनपगारी इंटर्न मुलीने वरिष्ठाकडून लैंगिक छळ झाल्याची तक्रार कोर्टात नेली. कोर्टाने काय म्हणावं? शहराच्या कायद्याखाली संरक्षण कर्मचाऱ्यांना आहे, पगार नाही म्हणजे ही कर्मचारी नाही, म्हणून तो दावा चालणार नाही! लोक चिडले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कने कायदा बदलला. पण तोवर एक गोष्ट उघडी पडली होती. पगाराची पावती हा नुसता पैशाचा कागद नसतो. तुम्ही तिथे अधिकृतपणे आहात, याचा तो पुरावा असतो. (आपल्याकडचा २०१३ चा कायदा या बाबतीत बरा आहे. त्यात प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारेही धरलेत. सेटवरच्या किती पोरींना हे कोणी सांगतं, हा वेगळा प्रश्न.)

"अरे पण तुला अमेरिकेची उठाठेव कशाला?" सांगतो. कारण तोच प्रकार आता आपल्या दारात आलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही इंटर्नशिप आणि ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट, म्हणजे शुद्ध मराठीत श्रेयांक, मिळायला लागलेत. आपल्याकडे इंटर्नशिपचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. आता डेली सोपच्या सेटवर १२ तासांची शिफ्ट म्हणजे रोजचीच गोष्ट. १२० भागिले १२. दहा दिवस! अकराव्या दिवशी सकाळी तुमचे श्रेयांक वसूल झालेले असतात. त्यापुढे जे काही चालतं त्याला शिक्षण नाही, वेठ म्हणतात.

माझा एक मावसभाऊ मास मीडिया शिकतो. गेल्या वर्षी एका मालिकेच्या सेटवर दोन महिने होता. (नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे.) महिन्याला २६ दिवस, १२ तास. झाले ६२४ तास. श्रेयांकांचे १२० वजा करा, उरले ५०४. या ५०४ तासांत त्याने कलाकारांना मेकअप रूममधून बोलावून आणलं, कंटिन्युइटीचे फोटो काढले, ब्रेकमध्ये चहाचे थर्मास फिरवले. कंटिन्युइटी सांभाळणं हे खरं काम आहे. तो नसता तर पगारी असिस्टंट ठेवावा लागला असता. मग त्याला का नाही? तर म्हणे, "तुला सर्टिफिकेट देतोय ना." कॉलेजातून दोन महिन्यांत एकही फोन नाही. शेवटी सही-शिक्का तेवढा व्यवस्थित झाला.

आता तुलना करा. पिंपरीच्या कारखान्यात आयटीआयचा पोरगा अप्रेंटिस म्हणून लागतो, त्याला १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने विद्यावेतन द्यावंच लागतं. आमच्या आयटीत फ्रेशरला पहिले काही महिने नुसतं ट्रेनिंग असतं, क्लायंटकडून त्याचे एक पैसा बिलिंग नसतं, तरी पगार चालू असतो. (आयटीवाले संत नाहीत, बाँड लिहून घेतात ते विसरलेलो नाही!) एमएसला गेलेल्या मित्रांना विचारा. सीपीटीवर इंटर्नशिप करायची तर बऱ्याच युनिव्हर्सिटीत एका क्रेडिटची फी भरावी लागते. भरतात बिचारे, पण कंपनी तासाला दणदणीत पैसे देते. म्हणजे क्रेडिट आणि पगार एकत्र नांदू शकतात. फक्त कॅमेरा आला की का नांदत नाहीत?

याची ठरलेली उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं, "ओळखी होतात." होतात ना. माझ्याही ऑफिसात होतात, म्हणून महिनाअखेरीला एचआर मला ओळखी देऊन घरी पाठवत नाही. दुसरं, "मोठमोठे लोक असेच वर आले, शांतारामबापूंनीसुद्धा बाबूराव पेंटरांकडे पडेल ते काम केलं." केलं, १९२० साली, कोल्हापुरात. पण पडेल ते काम करण्यासाठी त्यांनी कुठल्या विद्यापीठाची फी भरली नव्हती! तिसरं उत्तर जरा खरं आहे: "मराठी निर्मात्याकडे पैसे कुठायत?" सगळ्यांकडे नसतात, कबूल. पण लाइटवाल्याला, जनरेटरवाल्याला, जेवणाच्या डब्यांना पैसे जातातच. त्यांना कोणी 'अनुभव' देत नाही, कारण ते घेणार नाहीत. पैसे नसतील तर इंटर्न ठेवू नका, किंवा १२० तास खरोखर शिकवा आणि सोडून द्या.

मग करायचं काय? रिक्वायरमेंट्स फार नाहीत. एक, श्रेयांकांचे तास मोजायचे आणि ते संपले की पगाराचं मीटर चालू. दोन, कॉलेजच्या मास्तराने सेटवर निदान एकदा जाऊन बघायचं, पोरगं शिकतंय की थर्मास फिरवतंय. तीन, जिथे कॉलेज काहीच शिकवत नाही तिथे त्या श्रेयांकांची फी घ्यायची नाही. चार, काय शिकवणार ते आधी कागदावर, निर्मात्याच्या सहीने. यातलं एकही कलम पाळायला क्रांती लागत नाही.

आणि हे फक्त पाच-दहा हजार रुपयांचं भांडण नाही. दोन महिने बिनपगारी राबणं कोणाला परवडतं? ज्याचं घर मालाड-गोरेगावात आहे, त्याला. परभणीच्या, गडहिंग्लजच्या पोराला खोलीचं भाडं, डबा, लोकलचा पास, सगळं खिशातून. तो दोन आठवड्यांत गावी परत जातो, किंवा येतच नाही. सेटवर टिकतो तो, ज्याच्या बापाला परवडतं. पुढे तोच असिस्टंट होतो, तोच लेखक, तोच दिग्दर्शक. आणि मग रात्री साडेआठला आपण टीव्ही लावतो आणि एकमेकांना विचारतो, या मालिकांमधलं गाव असं खोटं का वाटतं हो?

गाव ठाऊक असलेलं पोरगं भाडं परवडलं नाही म्हणून परत गेलंय. म्हणून.