ठळक आकडा म्हणजे आजार नव्हे

मंडळी, मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्यांत हल्ली रिपोर्टांचीच चर्चा. थकवा आला की तपासण्यांचं पॅकेज, टीएसएच ठळक छापून आला की लगेच थायरॉईडची गोळी! मला हे मान्य नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच. टीएसएच जास्त पण टी-४ ठीक, अशा पासष्टीपुढच्या ७३७ जणांवरचा युरोपातला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने खरी गोळी घेणारे आणि खोटी घेणारे सारखेच थकलेले! उलट गोळी जास्त झाली तर छातीत धडधड, हाडं ठिसूळ.

एका पेपरावरून आपण पोराला नापास करतो का? टी-४ बघा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. हिमोग्लोबिन, बी-१२ विसरू नका. टी-४ खरंच कमी असेल तर गोळी हवीच. चालू गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.