गोळ्या मोजता, मग रक्त कोण मोजणार?



कपाशीची गाडी जिनिंगवर गेली की काट्यावर कापूस तोलला जातो. खताची पोती किती टाकली, डवरण्या किती दिल्या, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तरी त्याचे पैसे देत नाही. आपल्या लेकरांच्या तब्येतीचा हिशेब मात्र सरकार उलटा ठेवते. गोळ्या किती वाटल्या, प्रभातफेरीला मुले किती, हात धुण्याच्या दिवशी फोटो किती निघाले! कार्यक्रम झाला, अहवाल वर गेला, लेकरू होते तसेच.

योजनांना तोटा नाही. २०१३ पासून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळा तपासते. २०१५ पासून जंतनाशक दिन आहे. सहावीपासून पुढे आठवड्याला लोहाची निळी गोळी आहे. २०२० साली तर प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचे ठरले. म्हणजे जनगणना आणि निवडणुका उरकून वेळ उरलाच तर मास्तरांनी तेही करावे.

मग फळ काय? सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्त कमी असणाऱ्या २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये त्या ५४ टक्के झाल्या. निळ्या गोळ्या मिळालेल्या कित्येक पोरी यातच आल्या. गोळी वाईट नाही. पण उपाशीपोटी घेतली की मळमळते, वर चहा प्याला की अंगी लागत नाही, आणि मुलीने ती दप्तरात टाकली तरी वहीत 'दिली' असाच शेरा पडतो.

शौचालयांचेही तेच. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सर्व सरकारी शाळांत शौचालये झाली म्हणून दवंडी पिटली. २०२० मध्ये महालेखापालांचा अहवाल आला. सरकारी कंपन्यांनी बांधलेली शौचालये त्यांच्या माणसांनी जाऊन पाहिली. काही जागेवर नव्हतीच. जी होती त्यांतल्या ७२ टक्क्यांमध्ये वाहते पाणी नव्हते. भिंतीवर 'हात धुवा' आणि नळ कोरडा! जाऊन पाहिले म्हणून एवढे तरी कळले.

आणखी एक. आरोग्यदूतांनी शिकवायच्या ११ विषयांत इंटरनेटचा सुरक्षित वापर आहे, फवारणीचे विष हा विषय नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना २० वर माणसे मेली. ज्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा पाण्याच्या माठाशेजारी असतो, त्या पोराला सर्वांत आधी काय शिकवावे, हे मुंबई-दिल्लीच्या टेबलावर कसे सुचणार?

मास्तरांशी भांडून उपयोग नाही. हत्यार आपल्याच हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. आपण काय करतो? सहीला रजिस्टर घरी आले की अंगठा उठवतो.

येत्या बैठकीत सही अडवा. जूनमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये प्रत्येक लेकराची उंची, वजन आणि हिमोग्लोबिन मोजून घ्या. बारा वर्षांखाली ११.५ च्या आत आणि बारा ते चौदा वयात १२ च्या आत आले, तर रक्त कमी समजायचे. उपकेंद्राकडे मोजायचे यंत्र नसेल तर तसे लेखी मागा. लेकरांची नावे फळ्यावर लिहू नका, पोरीबाळींची चेष्टा होते. फक्त आकडे लिहा: जूनमध्ये कमी रक्ताची किती, मार्चमध्ये किती. गोळी खिचडी खाऊन झाल्यावर, समोर गिळायला लावूनच द्यायची. कापूस वेचणीच्या दिवसांत जी पोरे शाळेत नव्हती, त्यांच्या चुकलेल्या गोळ्यांचे काय केले, तेही विचारा. आणि हे दोन आकडे फळ्यावर आल्याशिवाय वार्षिक अहवालावर एकाही पालकाने सही करू नये.