मातकट पाण्याचे चित्र

(बी. ए. भाग २)

‘नदीचे चित्र काढा’ असे सांगितले की आपल्याकडील दहा मुलांपैकी नऊ मुले एकच नदी काढतात. मागे दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, तेथून निघून पुढे रुंद होत आलेली निळी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचे झाड. आपल्या नदीकाठच्या जंगलात नारळ किती आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे! मुलचेरा तालुक्यातील आमच्या बंगाली वर्गबंधूंची नदी जराशी निराळी असते. तिच्यात शिडाची होडी असते. त्यांच्या आजोबा-पणजोबांना १९६० नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आणून येथे वसविले गेले, आणि त्यांनी सांगितलेली पद्मा नातवंडांच्या कागदावर अजून वाहते आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती निदान कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेली नदी आहे. नारळाची नदी कॅलेंडरवरून आलेली. दिना, प्राणहिता, वैनगंगा मात्र या दोन्ही चित्रांत कोठेच सापडत नाहीत.

आपल्या नद्या वर्षभर एका रंगाच्या राहत नाहीत. मे महिन्यात पात्र म्हणजे पांढुरकी वाळू, मधून एखादी हिरवट धार, उघडे पडलेले काळे खडक, कोठे टरबुजांच्या वाड्या. हिवाळ्यात गाळ खाली बसतो आणि डोहात काठावरची झाडे दिसू लागतात. आषाढ-श्रावणात तेच पाणी दाट चहासारखे होते, आणि मग नदी हे ‘दृश्य’ राहत नाही. पूल बुडतो, बस बंद होते, अडलेली बाळंतीण अलीकडे आणि दवाखाना पलीकडे राहतो. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीदा तुटला, हे जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. अशा नदीला आपण डोळे मिटून निळा रंग देतो, तेव्हा आपल्याच माणसांचे हाल आपण त्या रंगाखाली झाकतो, असे मला वाटते. शाळेत असताना माझ्या एका चित्राखाली ‘पाणी स्वच्छ दाखवावे’ असा शेरा मिळाला होता. शेरा देणाऱ्यांची इच्छा चांगलीच असणार; पण चित्र पुराचे होते.

मातकट पाणी रंगविण्यात मजा नाही, हा समजही खोटा आहे. स्वच्छ पाण्यावर सावली नीट पडत नाही. त्यात प्रतिबिंब दिसते किंवा तळ दिसतो. गढूळ पाण्यावर मात्र जमिनीवर पडावी तशी सावली पडते. पुलावर उभे राहून खाली पाहिले तर कठड्याची सावली पाण्यावर पसरलेली दिसते, आणि तिच्याखालून सारा प्रवाह सरकत असतो. पाणी धावते आहे आणि सावली जागच्या जागी आहे, ही गंमत निळ्या नदीत कधी मिळणार नाही.

हे रंगविण्यासाठी मला अॅक्रिलिक हे माध्यम जवळचे वाटते. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती १९५५ च्या सुमारास आले, म्हणजे ते तसे कालचेच. रंगातील पाणी उडून गेले की आतील राळेचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. एकदा घालवला की गेला. येथे आधी गडद गाळ रंगवून त्यावर फिक्या लाटा चढविता येतात, आणि पूर येतो तोही तसाच, थरावर थर. रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, एवढे ध्यानात ठेवावे. आपल्या ऊन्हात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो, रंग ताटलीतच वाळतो. म्हणून ताटलीत ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्यावा. कुंचला क्षणभरही कोरडा राहू देऊ नये. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने १९६७ मध्ये पोहण्याच्या तलावात कोणी उडी घेतल्यावर उडालेले पाणी अॅक्रिलिकमध्ये रंगविले. दोन क्षणांच्या त्या शिंतोड्याला त्याला दोन आठवडे लागले. त्याचे पाणी निळे आहे, आणि ते योग्यच आहे; कॅलिफोर्नियाच्या तलावात निळेच पाणी होते.

आणखी एक कारण घरगुती आहे. कवेलूच्या घरात पावसाळ्यात चित्र ठेवायला कोरडा कोपरा नसतो. जलरंगातील चित्रावर एक थेंब पडला की डोंगर नदीत उतरतो. पुठ्ठ्यावरचे अॅक्रिलिक आईने ओल्या फडक्याने पुसले, तरी नदी जागेवर होती.

जलरंगाची थोर परंपरा सोडून हे प्लॅस्टिक कशाला, असे काही गुरुजन विचारतील. परंपरेबद्दल मला आदरच आहे. पण कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोणते पाणी रंगविले? आपल्या दाराजवळचे कोटितीर्थ आणि रंकाळा. परंपरा घ्यायची तर ही घ्यावी. आणि ‘जंगलातल्या पोरांनी कशाला चित्रे काढावीत’ म्हणणाऱ्यांसाठी सय्यद हैदर रझा आहेत. १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्म, वडील वनखात्यात, बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील जंगलात, चित्रकलेचे शिक्षण प्रथम आपल्या नागपुरात. १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि पुढे तैलरंग सोडून अॅक्रिलिककडे वळले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा दफन मंडल्यालाच झाले.

खर्चाचे मात्र खरे आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामावर ज्या घराची वह्या-पुस्तके येतात, तेथे रंगाच्या ट्यूबसाठी पैसे मागताना जीभ अडखळते. म्हणून माझी सूचना अशी की, येत्या स्नेहसंमेलनातील चित्रकला स्पर्धेचा विषय ‘निसर्गदृश्य’ असा मोघम न ठेवता ‘श्रावणातील दिना’ असा ठेवावा, आणि रंग महाविद्यालयाने सर्वांत मिळून द्यावेत. फार रंग लागणार नाहीत. पिवळी माती, तांबडी माती, थोडा गडद निळा एवढ्यावर पूर उभा राहतो. पांढऱ्याच्या मात्र दोन ट्यूब जास्त घ्याव्यात. तोच सर्वांत आधी संपतो.