लोखंडाचा संधि

व्याकरण शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्यास संधि हा विषय नवा नाहीं. 'देव' आणि 'आलय' हे दोन शब्द शेजारीं ठेवून मध्यें 'आणि' घातला, तर ते जवळ येतात, पण निराळेच राहतात. तेच शब्द एका दमांत उच्चारले म्हणजे 'देवालय' होतें. मागचा अन्त्य स्वर व पुढचा आद्य स्वर आपापलें रूप टाकून एकरूप होतात, आणि सांधा कोठें होता हें कानास कळतहि नाहीं. लोखंडाचे दोन तुकडे जोडण्याच्याहि अशाच दोन तऱ्हा आहेत. भोंक पाडून रिव्हेट किंवा बोल्ट बसविणें ही पहिली. तो लोखंडांतील 'आणि' होय. दोन्ही कडा वितळवून त्यांचा एकजीव करणें ही दुसरी. तो खरा संधि. या कामास लोक वेल्डिंग म्हणतात, परिभाषाकार 'वितळजोडकाम' म्हणतात, आणि महाराष्ट्रांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरास 'संधाता' असें नांव दिलेलें आहे. संस्कृताची इतकी नेमकी योजना पाहून आम्हांस संतोष वाटतो. या संधात्याच्या विद्येविषयीं आज वाचकांशीं बोलावें, असा आमचा हेतु आहे.

विषयास स्थळाची जोड असावी म्हणून आम्ही शीळफाटा निवडला आहे. कल्याण-डोंबिवलीकडून, मुंब्र्याकडून, महाप्याकडून आणि पनवेलकडून येणारे रस्ते या भागांत एकत्र येतात. फाटा म्हणजे वाट फुटण्याची जागा. पण येथें वाटा फुटतात त्यापेक्षां जुळतातच अधिक. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडांतून खिडक्यांच्या जाळ्या, फाटकें, जिने, टाक्यांचे सांगाडे तयार होत असतात, आणि दिवेलागणीनंतर त्यांतून निळसर-पांढरा लखलखाट बाहेर पडतो. याच फाट्यापाशीं मुंबई-अहमदाबाद या अतिवेगवान लोहमार्गाचें भुयार जमिनीवर येतें. एकंदर ५०८ किलोमीटरांच्या या मार्गापैकीं वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंतचे सुमारें २१ किलोमीटर भूमिगत आहेत. त्यांतील सुमारें ७ ठाण्याच्या खाडीखालून जातात. घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरांचा भाग सुरुंगांनीं फोडून काढला, आणि दोन बाजूंनीं खोदत आलेल्या तुकड्या सप्टेंबर २०२५ मध्यें डोंगराच्या पोटांत एकमेकींस भेटल्या. तोहि एक संधिच म्हणावयाचा. शीळफाट्यापुढें गुजरातच्या सीमेपर्यंतचा सुमारें १३५ किलोमीटरांचा मार्ग मुख्यतः उंच पुलांवरून न्यावयाचा आहे.

आतां रुळांकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली. पुढें दीर्घकाळ रूढ असलेली रीत अशी, कीं रुळाच्या दोन टोकांमध्यें थोडी फट ठेवावयाची आणि दोन्ही बाजूंस पट्ट्या लावून बोल्ट आवळावयाचे. फट ठेवण्याचें कारण उघड आहे. लोखंड उन्हानें वाढतें. एक किलोमीटर लांबीचा रूळ तपमान तीस अंशांनीं चढलें असतां सुमारें ३५ सेंटिमीटर वाढूं पाहतो. आपल्याकडील रूळ १३ मीटरांचा, म्हणजे किलोमीटरांत एका बाजूस सुमारें ७७ सांधे. त्यांवरून जातांना होणाऱ्या खडखडाटाच्या तालावर आमच्या पिढीनें अनेक रात्रीं झोंप काढली. परंतु तो ताल म्हणजे रुळाच्या टोकावर पडणारा हातोडाच असे. सर्व झीज आणि पुष्कळशी मोडतोड तेथेंच होई.

ताशीं ३२० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडीस असा हातोडा चालणार नाहीं. म्हणून या मार्गासाठीं २५ मीटरांचे रूळ प्रथम जोडून २०० मीटरांचे पट्टे करतात. एका पट्ट्यांत आठ रूळ आणि सात सांधे. मग ते पट्टे मार्गावर नेऊन परस्परांस जोडावयाचे. साधें त्रैराशिक मांडून पाहावें. दुहेरी मार्गास चार रूळ. १३५ किलोमीटरांस ५४० किलोमीटर. २५ मीटरांचा एक या हिशेबानें २१,६०० तुकडे, आणि जवळजवळ तितकेच सांधे. त्या वेगाची गाडी सेकंदास सुमारें ८९ मीटर जाते, म्हणजे डोळ्याचें पातें लवून पुन्हा उघडेतों एखादा सांधा मागें पडलेला असतो. यांपैकीं एकहि सांधा प्रवाशास जाणवतां कामा नये, आणि एकहि तुटतां कामा नये.

मग उन्हाळ्यांत हा अखंड रूळ वाढून वांकत कां नाहीं, असें घरांतील एखादें चौकस मूल अवश्य विचारील. त्यास सांगावें कीं, रूळ जागोजाग इतका घट्ट आवळून धरलेला असतो, कीं त्याला वाढावयास अवकाशच मिळत नाहीं. न झालेली वाढ दाबाच्या रूपानें त्याच्या अंगांत राहते. रूळ मध्यम तपमानास जखडला, तर उन्हाळ्यांतील दाब आणि थंडींतील ताण हे दोन्ही मर्यादेंत राहतात. हें सर्व सांध्याच्या भरंवशावर चालतें.

या पट्ट्यांच्या सांध्याची कृति पाहण्यासारखी आहे. दोन रुळांचीं टोकें यंत्राच्या जबड्यांत धरून त्यांतून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडतात. टोकें एकमेकांस निसटतीं टेकतांच ठिणग्यांचा वर्षाव होतो, मळ व गंज जळून उडतो आणि कडा वितळूं लागतात. त्या क्षणीं यंत्र दोन्ही रूळ जोरानें एकमेकांवर दाबतें. वितळलेला भाग बाहेर फेंकला जातो, आंतील तप्त शुद्ध पोलाद पोलादास भिडतें, आणि बाहेर आलेली कडा तासून टाकतात. येथें निराळी धातु घालावी लागत नाहीं. गांवचा लोहार चाकाच्या धांवेचीं टोकें तापवून घण घालतो, त्याच जातीचें हें काम. दिल्लीचा सुमारें सोळाशें वर्षांपूर्वींचा सहा टनांहून जड लोहस्तंभहि लोखंडाचे तप्त गोळे ठोकून सांधूनच घडविलेला आहे. 'तापल्या लोखंडावर घाव' ही म्हण आमच्या पूर्वजांनीं भट्टीपाशीं उभें राहूनच केली असली पाहिजे.

दुसरी एक रीत साध्या लोहमार्गांवर फार चालते. लोखंडाची ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र करून पेटविली म्हणजे ॲल्युमिनियम लोखंडाचा प्राणवायु हिरावून घेतें, आणि त्या झटापटींत इतकी उष्णता निघते कीं लोखंडाचा रस होऊन सांच्यांतून रुळांच्या फटींत उतरतो. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञानें ही युक्ति १८९५ मध्यें काढली, आणि १८९९ मध्यें एसेन शहरांतील ट्रामचे रूळ त्या रीतीनें जोडले गेले.

रस्त्याकडेच्या शेडांत चालतो तो तिसरा प्रकार, विजेच्या प्रज्योतीचा. बेनार्दोस या रशियन संशोधकानें १८८० नंतरच्या दशकांत कोळशाच्या कांडीनें प्रज्योत पाडून धातु जोडली. स्लाव्यानोव्हनें १८८८ मध्यें कोळशाऐवजीं धातूचीच कांडी घेतली, म्हणजे ती वितळून सांध्यांत भरूं लागली. परंतु उघड्या रसांत हवा शिरून सांधा ठिसूळ होई. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गनें १९०७ च्या सुमारास कांडीस खनिजांचा लेप दिला. लेप जळून वायूचें आवरण होतें, आणि त्याचा मळ रसावर सायीसारखा धरून त्यास हवेपासून राखतो. सोनार डाख लावतांना टांकणखार वापरतो, तेंच तत्त्व येथें मोठ्या प्रमाणावर आलें. आपल्या मुंबईंत अशा कांड्या करणारी ॲडवानी-ओर्लिकॉन ही कंपनी १९५१ मध्यें निघाली.

या लेपाचा एक शत्रु आमच्या कोंकणपट्टींत चार महिने मुक्कामास असतो, तो म्हणजे ओल. आषाढांत पापडांचा डबा उघडा राहिला तर पापड मऊ पडतात, हें प्रत्येक गृहिणी जाणते. कांडीचा लेपहि तसाच दमट होतो; मात्र परिणाम तळणींत दिसत नाहीं. ओलाव्यांतील हायड्रोजन तप्त पोलादांत शिरतो, आणि सांधा थंड झाल्यावर कांहीं तासांनीं, क्वचित् दुसऱ्या दिवशीं, आंतल्या आंत चीर पडते. म्हणून जबाबदारीच्या कामावर कांड्या भट्टींत वाळवून गरम डब्यांतून नेतात, आणि कित्येक सांध्यांची परीक्षा लागलीच न करतां दोन दिवस थांबून करतात. ज्या शेडांत कांड्यांचा पुडा ओल्या भिंतीशीं टेकून ठेवलेला दिसेल, तेथील जिना आपल्या घरास न लावावा, हें उत्तम.

ही विद्या चुकांतून वाढली आहे, आणि त्या चुकांची किंमत माणसांनीं दिली आहे. बेल्जियममधील हासेल्टचा पूल १९३८ मध्यें, थंडीच्या दिवसांत, सांध्यांपाशीं चिरून कोसळला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें जहाजें वितळजोडानें झपाट्यानें बांधलीं. त्यांतील 'स्केनेक्टडी' हें तेलवाहू जहाज जानेवारी १९४३ मध्यें बंदरांत, शांत पाण्यांत उभें असतां मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगलें. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें अशा जहाजांचा अभ्यास करून दाखविलें कीं, त्या वेळचें पोलाद थंडींत कांचेप्रमाणें ठिसूळ होत होतें. रिव्हेटांच्या जहाजांत एका पत्र्यास पडलेली चीर त्याच्या कडेला थांबे. एकजीव जहाजांत तिला थांबावयास कडच नव्हती. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हा दृष्टान्त उलगडून सांगावयास नको: एकीचें बळ सर्वांस मिळतें, तसा एका ठिकाणचा दोषहि सर्वांपर्यंत पोंचतो.

आणखी एक उदाहरण. २७ मार्च १९८० रोजीं उत्तर समुद्रांत 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता तळ उलटून १२३ माणसें गेलीं. आरंभ झाला तो अवघ्या ६ मिलिमीटरांच्या एका सांध्यापासून. तो सांधा मुख्य आधाराचा नव्हता, केवळ एक उपकरण बसविण्याच्या पट्टीचा होता; त्यांतील चीर लाटांच्या हेलकाव्यांनीं वाढत वाढत मुख्य तुळईंत गेली. वितळजोडांत हलकें काम आणि भारी काम असा भेद नसतो, हें यावरून शिकावें.

अशा धड्यांमुळेंच ठिकठिकाणीं संशोधनालयें उभीं राहिलीं. कीव्हची पाटोन संस्था १९३४ ची. आपल्याकडे तिरुचिरापल्लीस वेल्डिंग संशोधन संस्था १९७५ मध्यें स्थापन झाली. इंग्लंडमधील संस्थेंत १९९१ मध्यें धातु न वितळवितां, फिरत्या खुंटीनें कणकेप्रमाणें मळून सांधण्याची रीत निघाली. संधीच्या शेजारचा भाग हा सर्व संशोधकांचा मोठा विषय आहे. व्याकरणांत संधीनें शेजारचीं अक्षरें बदलतात. पोलादांतहि सांध्याशेजारचा न वितळलेला पट्टा उष्णतेनें बदलतो, आणि पुष्कळदां मोडतोड तेथूनच सुरू होते. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. त्याचे १८० मीटरांपर्यंतचे पोलादी गाळे पातळ पत्र्याखालीं फासळ्या सांधून केले आहेत. त्यावरून जाणारी प्रत्येक मोटार अशा सांध्यांस किंचित् वांकवून पुढें जाते. तें लक्षावधि वेळां सोसावें, हेंच खरें कसब.

सांधा चांगला कीं वाईट हें वरून कळत नाहीं. बाजारांत मडकें आपण टिचकी मारून घेतों. रुळांच्या सांध्यासहि कानास न ऐकूं येणाऱ्या ध्वनीची टिचकी मारतात, आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आंतील पोकळी किंवा चीर ताडतात. बॉयलर व नळ यांच्या सांध्यांचीं क्ष-किरणांनीं छायाचित्रें घेतात. रुळांस हा सोपस्कार आहे. परंतु चौथ्या मजल्यावरील ज्या जाळीस टेकून आपलीं नातवंडें उभीं राहतात, तिच्या सांध्याची परीक्षा कोण घेतो? झांकलेलें काम कच्चें निघालें म्हणजे काय होतें, हें याच भागानें पाहिलें आहे. ४ एप्रिल २०१३ रोजीं शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. तो दोष वितळजोडाचा नव्हता. पण घाईनें केलेलें व कोणीं न तपासलेलें काम या दृष्टीनें दोहोंचें कुळ एकच.

आतां संधात्याविषयीं. प्रज्योतीच्या प्रकाशांत सूर्यापेक्षां प्रखर असे न दिसणारे किरण असतात. उघड्या डोळ्यांनीं काम करणारास त्या वेळीं कांहीं वाटत नाहीं. रात्रीं डोळ्यांत वाळू पडल्यासारखी आग होते. धूर तर याहून घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१७ मध्यें वेल्डिंगच्या धुरास निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गांत घातलें. रस्त्याकडेच्या शेडांतून हातानें डोळे झांकून किंवा साधा काळा चष्मा लावून टांके मारणारीं कोंवळीं पोरें दिसतात, तेव्हां आमच्या जाळीची स्वस्ताई कोणाच्या डोळ्यांतून येते, हा विचार मनास शिवल्यावांचून राहत नाहीं. शिवाय ज्या डोंबिवलींत २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत रसायनांच्या कारखान्यांत प्राणघातक स्फोट झाले, त्या पंचक्रोशींत तरी ठिणगी पाडण्यापूर्वीं आसपास काय सांठविलें आहे, हें पाहण्याची शिस्त सर्वांनीं बाळगली पाहिजे.

वाचकांस आमची विनंति तीन गोष्टींची आहे. घरीं जाळी किंवा कठडा करून घ्याल तेव्हां दर ठरवितांना कारागिराजवळ तोंडावर धरण्याची काळ्या कांचेची ढाल आहे कीं नाहीं, हें पाहावें. नसेल तर शेंपन्नास रुपये वांचविण्याऐवजीं तीच आणवावी. काम चालू असतां मुलांस गंमत म्हणून पाहूं देऊं नये. तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या घरांतील एखाद्या मुलाचा हात लेखणीपेक्षां हत्यारावर अधिक बसत असेल, तर त्यास नापास म्हणून घरांत बसवूं नये. आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत संधात्याचें शिक्षण एका वर्षांत मिळतें. पाटी-पुस्तकाच्या घरांतील मुलानें पत्र्याच्या शेडांत जावें काय, असें वडील मंडळी विचारतील. आमचें उत्तर असें कीं, शीळफाट्यापुढील त्या हजारों सांध्यांवर उद्यां आपलींच लेंकरें बसून जाणार आहेत. तो सांधा जाणत्या हाताचा असावा, असें ज्यास वाटतें, त्यानें तो हात आपल्या घरचा असण्यांत कमीपणा मानूं नये.